बंद खोलीतील रहस्यकथा

आतून बंद असलेल्या खोलीत, किंवा पाऊल उमटल्यावाचून जिथे पोहोचता येत नाही अशा जागी घडलेला अशक्यप्राय गुन्हा आणि त्याची निव्वळ तर्काने केलेली उकल हा या कथाप्रकाराचा गाभा होय. एडगर ॲलन पो यांची १८४१ मधील ‘द मर्डर्स इन द रू मॉर्ग’ ही त्यातील आरंभीची प्रसिद्ध कथा असून इझ्रायल झँगविल आणि गास्ताँ लरू यांनी पुढे त्याला कादंबरीचे रूप दिले. जॉन डिक्सन कार (१९०६–१९७७) हे या प्रकाराचे सर्वांत निष्ठावान लेखक. त्यांच्या ‘द हॉलो मॅन’ (१९३५) या कादंबरीतील डॉ. गिडियन फेल तर तपास थांबवून अशा खुनांच्या युक्त्यांवर व्याख्यानच देतात.

खून कोणी केला यापेक्षा तो झालाच कसा, हा प्रश्न येथे वाचकाला धरून ठेवतो. क्षणभर भुताटकीच खरी वाटू लागते, आणि सर्व दुवे आधीच डोळ्यांसमोर असूनही ते दिसले नाहीत, हे शेवटी कळते तेव्हा फसवले गेल्याचाही आनंद होतो.

दोषांचे मूळही याच आकर्षणात आहे. कोडे जितके अद्भुत, तितके उत्तर खुजे वाटण्याचा धोका मोठा. दोरा, बर्फ आणि चिमटा यांवर उभी असलेली उकल वाचताना जादूगाराची पेटी मागून पाहिल्यासारखे होते. पात्रे युक्तीच्या सोयीने उठतात-बसतात. त्याहून गंभीर उणीव अशी की, पळून जाणे सोपे असताना खुन्याने एवढा खटाटोप का करावा, याचे पटेल असे कारण अनेक लेखक देतच नाहीत. कडी-कुलुपाच्या करामतीपेक्षा खून नेमका केव्हा झाला याविषयी वाचकाची दिशाभूल करणाऱ्या कथा म्हणूनच अधिक टिकाऊ ठरतात.

हा प्रकार घराच्या बांधणीवरही अवलंबून असतो. सोलापूर भागातील जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात कुलुपातील किल्ली बाहेरून दोऱ्याने फिरवण्याची इंग्रजी युक्ती चालणार नाही, कारण दाराला आतून भिंतीत सरकणारा जाड लाकडी अडसर असतो. उलट छतात उजेडासाठी ठेवलेल्या सवण्याचा हिशेब लेखकाला द्यावाच लागेल. शिवाय उन्हाळ्यात माणसे माळवदावर झोपणार, म्हणजे मे महिन्यातील खुनासाठी बंद खोलीत कोणी सापडायचेच नाही! सरकत्या दारांच्या जपानी घराबाबत अशीच अडचण होती. सेइशी योकोमिझो यांनी १९४६ मध्ये घराभोवतीच्या अस्पर्श बर्फाचा आधार घेऊन ती सोडवली.

मराठीत बाबुराव अर्नाळकर यांच्या झुंजार, धनंजय आणि काळापहाड या नायकांनी रहस्यकथेला अफाट वाचक मिळवून दिला, तरी तिचा ओढा बंद खोलीच्या कोड्यापेक्षा वेगवान साहसाकडे राहिला.