जुना रेग्युलेटर आणि हिरवी चाळणी

कुणी वापरलेला स्कूबा रेग्युलेटर (पाण्याखाली सिलिंडरमधली हवा श्वासाला पुरवणारं यंत्र) दाखवला की मी आधी त्याची टोपी काढून आत बघते. सिलिंडरला जोडायच्या तोंडाशी कांस्याच्या कणांची एक छोटी चाळणी असते. ती हिरवी पडली असेल तर आत खारं पाणी शिरलंय. तांबूस असेल तर आधीच्या मालकाच्या पोलादी सिलिंडरला आतून गंज असावा. काळी असेल तर हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या फिल्टरमधला कोळसा इथवर आलेला असू शकतो. वरून कितीही चकचकीत असो, मी विश्वास ठेवते तो या चाळणीवर.

भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाब असतो (१ बार म्हणजे साधारण वातावरणाइतका दाब). रेग्युलेटरचा पहिला टप्पा तो भोवतालच्या पाण्याहून ९-१० बार जास्त इतक्यावर आणतो. तोंडाजवळचा दुसरा टप्पा उरलेलं काम करतो: श्वास ओढला की रबरी पडदा आत जातो, तरफ दबते, झडप उघडते. १९४३ साली फ्रान्समध्ये नौदल अधिकारी कूस्तो आणि अभियंते गान्यां यांनी बनवलेल्या यंत्राचं तत्त्वही हेच होतं.

या नाजूक रचनेचा वैरी म्हणजे वाळलेलं मीठ. पाणी उडून जातं, स्फटिक मागे राहतात आणि हलत्या भागांत अडकून ओ-रिंगवर, म्हणजे हवा गळू न देणाऱ्या रबरी कड्यांवर, चरे पाडतात. तारकर्लीहून आल्यावर सामान तसंच पिशवीत ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी नुसतं नळाखाली धरून भागत नाही. कोमट गोड्या पाण्यात तासभर तरी भिजवावं लागतं. टोपी मात्र घट्ट लावूनच. चाळणी हिरवी होते ती बहुधा टोपी विसरल्यामुळे. भिजत असताना पर्ज बटण (दुसऱ्या टप्प्याची झडप हाताने उघडायचं बटण) दाबू नका. आत हवेचा दाब नसताना झडप उघडली, तर पाणी नळीतून थेट पहिल्या टप्प्याकडे जातं.

सिलिंडर न जोडता, टोपी लावलेली ठेवून तोंडाने हवा ओढून बघा. काहीच यायला नको. हवा आली, तर पडदा फाटलाय किंवा उच्छ्वासाच्या झडपेखाली काहीतरी अडकलंय. पुष्कळदा वाळूचा एखादा कणच असतो!

ओ-रिंगला व्हॅसलीन लावू नका. खनिज तेलाने अनेक प्रकारचं रबर फुगतं. ऑक्सिजन वाढवलेली हवा वापरत असाल, तर उच्च दाबाखाली असं वंगण पेटही घेऊ शकतं. साध्या हवेसाठी सिलिकोन ग्रीस चालतं, तेही रिंगला नुसती चकाकी येईल इतकंच.

पहिला टप्पा उघडायचा तर कंपनीचं सर्व्हिस किट, योग्य हत्यारं, दाबमापक आणि रीतसर शिक्षण हवं. सिलिंडरची तपासणी तर घरी होतच नाही. अमेरिकेत दर ५ वर्षांनी ते पाण्याने भरून तपासतात. २०७ बारच्या सिलिंडरवर सुमारे ३४५ बार दाब देतात. पाणी फारसं दाबलं जात नाही, त्यामुळे सिलिंडर फाटलं तरी हवेसारखा स्फोट होत नाही. जुन्या ॲल्युमिनियम सिलिंडरांपैकी काही ६३५१ या मिश्रधातूची आहेत. वर्षानुवर्षं दाबाखाली राहून त्यांच्या मानेत बारीक भेगा पडू शकतात. असं सिलिंडर कुणी फुकट दिलं तरी मी घेणार नाही.