पू न होणारी जखम

ऑपरेशनची तारीख ठरलेली असते. आदल्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट येतो आणि डॉक्टर म्हणतात, ‘पांढऱ्या पेशी कमी आहेत, थोडं थांबू.’ किती कमी म्हणजे धोक्याचं? थांबून काय साधतं? आणि थांबण्याइतका वेळच नसेल तर? या प्रश्नांची उत्तरं वैद्यकाला एकेक करून, बऱ्याच उशिरा मिळाली. काही अजूनही अर्धवटच आहेत.

सुरुवात पुवापासून करावी लागते. मध्ययुगीन युरोपात जखमेत दाट, पांढरट पू धरला की बहुतेक शल्यवैद्य निश्चिंत होत. जखम आता भरणार, असं ते मानत. अशा पुवाला त्यांनी ‘स्तुत्य पू’ असं नावच दिलं होतं. तेराव्या शतकात थिओडोरिक बोर्गोन्योनी आणि पुढे आंरी द माँदव्हील यांनी जखम भरायला पू लागत नाही, ती स्वच्छ ठेवा, असं सांगून पाहिलं; पण त्यांचं फारसं कुणी ऐकलं नाही. १८६७ साली ब्रिटिश सर्जन जोसेफ लिस्टरने जंतू मारणाऱ्या कार्बोलिक आम्लाचे अनुभव प्रसिद्ध केले, त्यानंतर हळूहळू पारडं फिरलं आणि पू होणं हे सर्जनचं अपयश ठरलं. खरं तर दोन्ही पक्षांना निम्मंच दिसत होतं. पू म्हणजे जखमेत जंतू शिरल्याची खूण, हे खरं. पण शरीराने त्यांना उत्तर दिल्याचीही तीच खूण.

हे उत्तर देतं कोण, ते १८८२ साली सिसिलीतल्या मेसिनात रशियन प्राणिशास्त्रज्ञ ईल्या मेचनिकॉव्हच्या लक्षात आलं. तारामाशाच्या पारदर्शक अळीत त्याने काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर काट्याभोवती फिरत्या पेशी गोळा झालेल्या. त्याच सुमारास जर्मनीत पॉल एर्लिख रंगद्रव्यं वापरून पांढऱ्या पेशींचे प्रकार वेगळे करत होता. पुवात सर्वांत जास्त सापडणाऱ्या न्यूट्रोफिल पेशीला तिचं नाव तिथेच मिळालं. १९०८ सालचं नोबेल या दोघांना विभागून मिळालं.

मग या पेशी नसल्याच तर काय होतं? १९२२ साली बर्लिनच्या वर्नर शुल्त्सने असे रुग्ण नोंदवले: तीव्र ताप, घशात सडत जाणारे व्रण, रक्तात न्यूट्रोफिल जवळपास शून्य, आणि थोड्याच दिवसांत मृत्यू. या आजाराचं एक मोठं कारण १९३४ साली स्पष्ट झालं, आणि ते होतं ताप-दुखण्यावर सर्रास दिलं जाणारं अमिडोपायरिन. म्हणजे ज्या तापासाठी गोळी द्यायची, तो ताप त्या गोळीमुळेच आलेला असण्याची शक्यता होती. याच काळात उलट दिशेचा एक प्रयत्नही झाला. संधिवात, वाढलेली प्लीहा आणि कमी पांढऱ्या पेशी असं त्रिकूट १९२४ साली ऑगस्टस फेल्टीने वर्णन केलं होतं. प्लीहा काढली तर काउंट, म्हणजे रक्तातल्या या पेशींचा आकडा, वर येतो का, हे सर्जन पाहू लागले. पुष्कळ जणांचा काउंट वाढला, काहींचा पुन्हा खाली आला. काउंट कमी म्हणून ऑपरेशन टाळायचं, हा नियम तेव्हा ठरलेला नव्हता. इथे तर काउंट कमी म्हणूनच ऑपरेशन होत होतं.

हा प्रश्न रोजचा झाला तो केमोथेरपीमुळे. २ डिसेंबर १९४३ रोजी इटलीतल्या बारी बंदरावर जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले आणि मस्टर्ड या विषारी युद्धवायूचा गुप्त साठा असलेलं एक अमेरिकी जहाज फुटलं. तपासासाठी आलेल्या डॉक्टर स्टुअर्ट अलेक्झांडरला जखमींच्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटताना दिसल्या. याच कुळातलं नायट्रोजन मस्टर्ड येल विद्यापीठात १९४२ पासूनच कर्करोगावर वापरून पाहिलं जात होतं. पुढच्या वीस वर्षांत अशी औषधं वाढत गेली आणि काही दिवस न्यूट्रोफिलशिवाय काढणारे रुग्ण वॉर्डांत नेहमीचे झाले. त्यांनाही अपेंडिक्स होतं, त्यांचीही आतडी फुटतात. पूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक मोजाव्या लागणाऱ्या पेशी कूल्टरचं यंत्र आता मिनिटांत मोजत होतं. आकडा हाताशी आला, पण तो कुठे धोक्याचा मानायचा हे कुणी ठरवलेलं नव्हतं.

ते ठरवलं १९६६ साली जेराल्ड बोडी आणि सहकाऱ्यांनी. तीव्र ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, ५२ रुग्णांचा काउंट आणि त्यांना झालेले संसर्ग त्यांनी शेजारी शेजारी मांडले. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमागे न्यूट्रोफिल १,००० च्या खाली गेल्या की संसर्ग वाढतात, ५०० च्या खाली आणखी, आणि १०० च्या खाली सर्वांत जास्त. काउंट किती दिवस खाली राहिला, यानेही फरक पडतो. आज ऑपरेशनआधी विचारात घेतले जाणारे आकडे मुळात इथून आले. मला यात एक गोम दिसते. तो अभ्यास ल्युकेमियाच्या वॉर्डातला होता, ऑपरेशन थिएटरमधला नव्हता. सर्जनांनी ते आकडे उसने घेतले.

जखमेपुरतं बोलायचं, तर चित्र बरंच वेगळं निघालं. १९७२ साली सिम्पसन आणि रॉस यांनी गिनीपिगच्या न्यूट्रोफिल प्रतिरक्तद्रवाने, म्हणजे त्या पेशींविरुद्ध तयार केलेल्या रक्तद्रवाने, काढून टाकल्या आणि स्वच्छ जखम कशी भरते ते पाहिलं. ती नेहमीसारखीच भरली. १९७५ साली लायबोविच आणि रॉस यांनी मॅक्रोफेज, म्हणजे जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या पेशी, कमी केले, तेव्हा मात्र भरणं रखडलं. म्हणजे कमी न्यूट्रोफिलमुळे टाके उसवतात, असं सरसकट म्हणता येत नाही. अडचण येते ती जंतू आत शिरल्यावर. म्हणूनच त्वचेखाली पोर्ट (शिरेतून औषध देण्यासाठीची छोटी डबी) बसवणं आणि आतडं उघडणं यांची जोखीम एका मापाने मोजता येत नाही. स्टेरॉइड, केमोची औषधं आणि खालावलेलं पोषण जखमेला जे त्रास देतात, तो हिशोब वेगळाच.

सर्जनला सर्वांत अवघड गेली ती गोष्ट म्हणजे खुणाच नाहीशा होणं. १९७५ सालच्या एका अभ्यासात दिसलं, की न्यूट्रोफिल नसलेल्या रुग्णात संसर्ग असतो, पण पू, सूज, छातीतला कफ या नेहमीच्या खुणा कमी दिसतात किंवा दिसतच नाहीत. गुदद्वाराजवळ गळू वाटलं म्हणून चीर द्यावी, तर आत पू नसतो, नुसता कडक झालेला भाग असतो. पोट तपासताना हाताला फारसं लागत नाही, आणि आतडं मात्र आत कुजत असतं. ल्युकेमियाच्या मुलांमध्ये मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला होणारा असा दाह, टिफ्लायटिस, १९७० साली वर्णन झाला. त्यावर कुणी लगेच पोट उघडा म्हणे, कुणी हातच लावू नका म्हणे. १९८६ साली शॅम्बर्गर आणि सहकाऱ्यांनी ऑपरेशन कधी करायचं ते नेमकं सांगितलं: आतडं फुटलं, काउंट आणि गोठण्याची क्रिया सुधारूनही रक्तस्राव थांबत नाही, रक्तदाब टिकवायला औषधं लागू लागली, किंवा काउंट चांगला असता तरी ऑपरेशन लागलंच असतं असा पोटाचा आजार. एरवी उपास, प्रतिजैविकं आणि वाट पाहणं.

वाट पाहणं परवडू लागलं, त्यामागे दोन गोष्टी होत्या. १९७१ साली शिम्फ आणि सहकाऱ्यांनी कल्चरच्या (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीच्या) रिपोर्टची वाट न पाहता ताप येताच दोन प्रतिजैविकं सुरू करण्याचा मार्ग दाखवला. त्याआधी रिपोर्ट येईपर्यंत रुग्ण दगावत. आणि १९९१ साली अमेरिकेत फिलग्रास्टिमला मान्यता मिळाली. हाडांतल्या मज्जेला न्यूट्रोफिल बनवायला लावणारं हे इंजेक्शन. मज्जाच रिकामी असेल तर त्याचा उपयोग होत नाही, हे मात्र नातेवाइकांना समजावताना डॉक्टरांची दमछाक होते. केमोनंतर काउंट साधारण सात ते चौदा दिवसांनी तळ गाठतो आणि बहुधा तीन आठवड्यांच्या आसपास सावरतो. थांबता येण्याजोगं असेल तर ऑपरेशन त्या सावरण्यानंतर ठेवतात. तातडीच्या पोटाच्या ऑपरेशनांबद्दल २०१५ साली अमेरिकेतल्या नोंदींवरून निष्कर्ष निघाला, की पांढऱ्या पेशी कमी असलेल्यांचे परिणाम वाईट असतात, पण ऑपरेशन नाकारावं इतके नाहीत.

उरला एक प्रश्न, तो सुटला अलीकडे. आफ्रिकी वंशाच्या पुष्कळ निरोगी लोकांचा न्यूट्रोफिल काउंट जन्मभर कमी असतो. २००९ साली त्याचा संबंध डफी नावाच्या रक्तगटाच्या जनुकातल्या एका बदलाशी जोडला गेला. त्यांची मज्जा चांगली असते, संसर्गही जास्त होत नाहीत. अशा माणसाचा आकडा १,२०० दिसला म्हणून तारीख पुढे ढकलली, तर महिन्याभरानेही तो १,२०० च राहणार. त्यामुळे भूलतज्ज्ञ आता काउंट पाहिल्यावर लगेच विचारतात, ‘जुने रिपोर्ट आहेत का?’