'मेधा'ची 'मीडिया' कशी झाली?

मेधाताई गेल्या वर्षी निवृत्त झाल्या, तेव्हा विभागाच्या वतीने आभाराचा मेल लिहायचं काम माझ्याकडे आलं. हैदराबाद आणि दिल्लीच्या सहकाऱ्यांनाही तो जाणार होता, म्हणून इंग्रजीत लिहिला. मजकूर दोनदा तपासला, मायन्याकडे मात्र पुन्हा पाहिलं नाही. मेल गेला तो 'डिअर मीडिया' म्हणून. नाव मी बरोबर टाइप केलं होतं. स्पेसबार दाबताच प्रोग्रॅमने ते बदललं आणि मी पुढच्या ओळीत शिरले होते. ताई एका शब्दाने बोलल्या नाहीत, पण निरोपाच्या पत्रात माणसाचं नावच चुकावं, हे मला फार लागलं. ही दुरुस्ती मुळात कुठून आली, याचा शोध मी तेव्हापासून घेते आहे.

१९६१ साली अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत लेस अर्नेस्ट हाताने लिहिलेलं इंग्रजी वाचणारा प्रोग्रॅम तयार करत होते. त्याच्या मदतीला त्यांनी १०,००० शब्दांची यादी जोडली. यादीत आहे तो शब्द, नाही ती चूक. पुढची सगळी इमारत याच गृहीतकावर उभी राहिली. १९६४ मध्ये आयबीएमच्या फ्रेड डॅमेरो यांनी दाखवलं, की ८० टक्क्यांहून जास्त चुका चारच प्रकारांत बसतात: एक अक्षर जास्त पडलं, एक गळलं, एकाच्या जागी दुसरं आलं किंवा शेजारची दोन उलटसुलट झाली. १९७१ मध्ये स्टॅनफर्डला राल्फ गोरिन यांनी याच धर्तीवर जवळचे शब्द सुचवणारा 'स्पेल' हा प्रोग्रॅम लिहिला.

आता ताईंचं नाव बघा. एम-ई-डी-एच-ए आणि एम-ई-डी-आय-ए. फरक एका अक्षराचा. आपला 'ध' रोमन लिपीत लिहायला जो 'एच' लागतो, तोच यंत्राला बोटाची चूक वाटतो.

तरी गोरिन यांचा प्रोग्रॅम आधी विचारायचा. न विचारता बदलायची सवय नव्वदच्या दशकातली. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये तेव्हा एक सोय होती: छोटा संकेत टाइप करून एक कळ दाबली, की त्याजागी ठरवून ठेवलेला मोठा मजकूर यायचा. मायक्रोसॉफ्टमधल्या डीन हाचामोविच यांच्या लक्षात आलं, की याच सोयीने इंग्रजी 'द'चं चुकलेलं स्पेलिंग 'टीईएच'सुद्धा सुधारता येईल. शिवाय वेगळी कळ कशाला? प्रत्येक शब्दानंतर माणूस स्पेसबार दाबतोच. १९९३ च्या वर्ड ६ मध्ये ऑटोकरेक्ट आलं. कल्पना खरोखर हुशारीची होती, आणि लाखो लोकांचे कष्ट तिने वाचवले हे मी मान्य करते. पण लिहिणाऱ्याची संमती गेली ती त्या स्पेसबारमध्येच. २००७ च्या आउटलुकमध्ये मेल लिहायला वर्डचाच संपादक बसवला गेला. त्याच वर्षी आलेल्या आयफोनच्या काचेवर तर बोट नेमकं पडत नसल्यामुळे अशा दुरुस्तीवाचून चालणारच नव्हतं.

यादीत नसलेल्या शब्दाचं काय होतं, याचं गाजलेलं उदाहरण 'कूपर्टिनो'चं. काही शब्दकोशांत 'को-ऑपरेशन' फक्त मधल्या रेघेसह होता. बिनरेघेचा लिहिला, की पहिली सूचना कॅलिफोर्नियातल्या कूपर्टिनो या गावाची. युरोपीय संघाच्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या कागदपत्रांत 'सहकार्या'च्या जागी हे गाव छापून आलं. अनुवादक अशा चुकांना 'कूपर्टिनो इफेक्ट'च म्हणू लागले.

मराठीत तर यादीचा हिशेबच जमत नाही. 'घर' एक, पण घरात, घरातला, घरातल्यांना, घरापर्यंतच्या, घरासमोरूनसुद्धा... किती रूपं साठवणार? त्यातून मूळ शब्दच वळतो: पाऊस, पावसात, दूध, दुधाचा. १९६२ च्या लेखननियमांप्रमाणे (तेव्हा १४ होते, १९७२ मध्ये आणखी ४ आले) 'दूध'मधला दीर्घ ऊ सामान्यरूपात ऱ्हस्व होतो, पण 'शरीर' तत्सम म्हणून 'शरीरात'ही दीर्घच राहतो. म्हणजे शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला की नाही, हेही यंत्राला ठाऊक हवं. 'स्त्री' हे आपल्याला एक अक्षर, युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतांत, मात्र सहा चिन्हं. मग 'एका अक्षराची चूक' मोजायची कशी? थोडी वाट निघाली ती हंगेरीतून. हंगेरियनही प्रत्ययांवर प्रत्यय लावणारी भाषा, म्हणून लास्लो नेमेथ यांनी 'हनस्पेल' या स्पेलिंग तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये शब्द आणि प्रत्ययांचे नियम अशी जोडरचना केली. फायरफॉक्स ब्राउझर आणि थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममध्ये तीच चालते, आणि मराठीचा शब्दकोशही तिच्यासाठी तयार झाला आहे.

नावांचं दुखणं फक्त आपलं नाही. २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये 'मी म्हणजे टायपो (टायपिंगची चूक) नव्हे' अशा अर्थाची मोहीम निघाली. इंग्लंड आणि वेल्समध्ये बाळांना ठेवलेली ४१ टक्के नावं संगणकाचा शब्दकोश चुकीची ठरवतो, असं मोहिमेतल्या लोकांनी दाखवलं. 'नायजेल'सारखं रुळलेलं इंग्रजी नाव मात्र बिनधोक जातं.

मी आता टाइप करतानाची दुरुस्ती बंद केली आहे, लाल रेघ ठेवली आहे. मेधा, धनश्री, ऋजुता, शर्वरी अशी विभागातली सगळी नावं एकेक करून शब्दकोशात घातली. मार्चमध्ये ऑफिसने नवे लॅपटॉप दिले, तेव्हा ती पुन्हा पहिल्यापासून घालावी लागली.