मेंदूपर्यंत नेमकं काय पोहोचतं?

डोळे मिटा आणि पापणीवरून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला बोटाने हलकेच दाबा. नाकाच्या बाजूला प्रकाशाचं अंधुक कडं दिसेल. आत प्रकाश गेलेला नाही, तरी दिसलं कसं?

ॲरिस्टॉटलने संवेदनांचं स्थान हृदयात मानलं होतं. दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या वैद्याने ते मेंदूकडे नेलं, पण नसांमधून एक सूक्ष्म चैतन्यतत्त्व वाहतं ही त्याची समजूत पुढे दीड हजार वर्षं टिकली. १७९१ मध्ये इटलीतल्या गॅल्व्हानी या वैद्याने बेडकाच्या पायावरचे प्रयोग प्रसिद्ध केले, आणि नसांचा विजेशी संबंध आहे हे लक्षात येऊ लागलं. १८२२ मध्ये फ्रान्सच्या माजांदी या शरीरशास्त्रज्ञाने दाखवलं, की मज्जारज्जूला जोडलेल्या नसांची मागची मुळं संवेदना आत आणतात आणि पुढची मुळं हालचालीचे आदेश बाहेर नेतात.

डोळ्यातल्या त्या कड्याचं उत्तर जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्यूलर यांनी दिलं. डोळ्याची नस प्रकाशाने, दाबाने किंवा विजेने, कशानेही चाळवली तरी ती बातमी देणार प्रकाशाचीच. म्हणजे मेंदूला थेट जग कळतच नाही, कळते ती आपल्या नसांची अवस्था. हा विचार पचायला आजही जड जातो.

याच म्यूलर यांना वाटे, की नसेतून जाणाऱ्या संदेशाचा वेग कधी मोजताच येणार नाही. त्यांचेच शिष्य हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये तो मोजून दाखवला. बेडकाची नस त्यांनी एकदा स्नायूजवळ आणि एकदा दूर उद्दीपित केली आणि स्नायू आकसायला लागणाऱ्या वेळांतला फरक टिपला. वेग निघाला सेकंदाला सुमारे २७ मीटर! पायाला ठेच लागते तो क्षण आणि ती जाणवण्याचा क्षण एक नसतो, हे त्या आकड्याने पहिल्यांदा सिद्ध केलं. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत धाडसी प्रयोग.

पुढे गोल्जी यांच्या रंजनपद्धतीने (पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या पद्धतीने) काहाल यांनी चेतापेशी, म्हणजे नसा आणि मेंदू ज्यांचे बनतात त्या पेशी, सुट्या सुट्या असतात हे दाखवलं. दोघांना १९०६ चं नोबेल विभागून मिळालं, पण या पेशी सुट्या नसून त्यांचं एकच अखंड जाळं असतं, याच मताच्या बाजूने गोल्जी शेवटपर्यंत राहिले.

मग केंब्रिजचे शरीरशास्त्रज्ञ एड्रियन. त्यांनी नसेतले क्षीण विद्युत आवेग, म्हणजे विजेचे छोटे छोटे ठोके, वाढवून ऐकले. एकदा जवळपास अंधाऱ्या खोलीत भेकाच्या (बेडकासारख्या प्राण्याच्या) डोळ्याच्या नसेला विजेची तार जोडलेली असताना ध्वनिवर्धकातून पुन्हा पुन्हा आवाज येऊ लागले. स्वतःच्या हालचालींशी ते ताडून पाहिल्यावर त्यांना उमगलं, की भेक त्यांनाच बघतोय! १९२६ मध्ये त्यांनी आणि झॉटरमन यांनी नसेतल्या एकट्या चेतातंतूतले (धाग्यातले) आवेग नोंदवले. उद्दीपन वाढलं तरी आवेग मोठा होत नाही, फक्त ते अधिक भराभर येतात. उद्दीपन तसंच राहिलं तर ते विरळ होत जातात. अंगठी बोटात घातल्यावर थोड्या वेळाने जाणवेनाशी होते, त्यामागे हेही एक कारण आहे.

उरला प्रश्न होता दाराशीच: उष्णता किंवा स्पर्श यांचा आवेग मुळात होतो कसा? १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने मिरचीतल्या कॅप्सायसिनला प्रतिसाद देणारं प्रथिन शोधलं. तेच प्रथिन सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेनेही उघडतं. म्हणून तिखटाने तोंड खरोखरच भाजल्यासारखं होतं. स्पर्शाचे ग्राही, म्हणजे स्पर्श टिपणारी प्रथिनं, शोधणारे आर्डेम पटापुटियन आणि ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं.