मनोरुग्णालयात दाखल करताना सही कुणाची?

‘मी मोठा भाऊ आहे, सही कुठे करू?’ मनोरुग्णालयाच्या ओपीडीत हे वाक्य हमखास ऐकू येतं. रुग्ण स्वतः संमती देण्याच्या स्थितीत नसेल, तर २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमानुसार त्याला दाखल करण्याचा अर्ज ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ करतो. भाऊ असलात तरी रुग्णाने दुसऱ्याचं नाव लिहून दिलं असेल, तर तो मान त्या दुसऱ्याचा.

प्रतिनिधी सज्ञान हवा, जबाबदारी पेलणारा हवा आणि त्याचा लेखी होकार हवा. नातेवाईकच पाहिजे असं नाही, मैत्रीण किंवा शेजारीही चालतो. रुग्णाने कुणालाच नेमलं नसेल, तर आधी नातेवाईक, मग काळजीवाहक आणि तेही नसतील तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ (याच कायद्याखाली रुग्णांचे हक्क जपणारं मंडळ) नेमेल ती व्यक्ती. अल्पवयीन मुलांसाठी सहसा आईवडीलच.

नेमणुकीला स्टॅम्पपेपर लागत नाही. साध्या कागदावर ‘मी अमुक, माझ्या मानसिक आजाराच्या उपचारांसाठी तमुक यांना माझे नामनिर्देशित प्रतिनिधी नेमतो’ एवढं लिहून रुग्णाची सही किंवा अंगठा घ्यायचा. खाली ‘मला मान्य आहे’ म्हणून प्रतिनिधीची सही. रुग्ण कधीही नाव बदलू शकतो. माणूस बरा असताना हा कागद करून ठेवा. ऐन वेळी रात्री दोन वाजता घरात कुणाला काही सुचत नाही. माझ्या ओळखीच्या एका घरात हा कागद रेशनकार्डाच्याच पिशवीत असतो.

दाखल करायला जाताना तो कागद, दोघांची ओळखपत्रं, जुन्या केसपेपरच्या झेरॉक्स आणि चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं न्या. डॉक्टरला पाकिटावरून जास्त कळतं.

संमतीशिवाय दाखल करायचं तर ‘ऐकत नाही’ एवढं कारण पुरत नाही. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजेचा धोका हवा, नाहीतर स्वतःची काळजीच घेता न आल्याने अपाय होण्याचा धोका हवा. दोघांनी स्वतंत्र तपासणी करावी लागते, त्यांतला एक मनोविकारतज्ज्ञ, दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर. पूर्वीसारखी कोर्टाची रिसेप्शन ऑर्डर, म्हणजे दाखल करण्याचा हुकूम, आता आणावी लागत नाही. मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. पुढे ठेवायचं तर दोन मनोविकारतज्ज्ञांचं मत आणि मंडळाची परवानगी. दाखल केल्याची खबर रुग्णालयाने मंडळाला ७ दिवसांत द्यायची, बाई किंवा अल्पवयीन असेल तर ३ दिवसांत.

आत गेल्यावर घरच्यांना ‘बाहेर थांबा’ ऐकायची सवय लागते. पण प्रतिनिधीला निदान आणि उपचार विचारण्याचा हक्क आहे, आणि त्याची भेट रोखता येत नाही. दाखल करणंच चुकीचं वाटलं तर तो मंडळाकडे अर्ज करू शकतो. त्याला फी नाही आणि ३० दिवसांपर्यंत दाखल केल्याविरुद्धच्या अर्जावरचा निर्णय मंडळाने ७ दिवसांत द्यायचा असतो.

डिस्चार्जची आखणीही रुग्ण, प्रतिनिधी आणि घरच्यांशी बोलूनच करायची असते. तेव्हा पुढची तारीख, गोळ्या कुठे मिळतील आणि रात्री बिघडलं तर कुणाला फोन करायचा, हे तिथेच लिहून घ्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच कागदावर टाका.