ते शेवाळ नव्हे

गेल्या जुलैत आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. पंपरूमच्या मागची कंपाउंडची भिंत, जिथे ऊन वर्षभर फिरकत नाही, आणि तिच्यावर पातळ हिरव्या पापुद्र्यांचा थर. खाली सेक्रेटरी काकांचा मजकूर: ‘भिंतीला शेवाळ धरलंय. रविवारी ब्लीचिंग पावडर मारून घेणार.’ तासाभरात त्या शेवाळाची बुरशी झाली आणि रात्रीपर्यंत ‘लहान मुलांना यामुळे दमा होतो म्हणे’ इथवर गाडी गेली. ठाण्यात पावसाळ्याचे चार महिने न रंगवलेलं सगळंच हिरवं होतं, त्यामुळे लोकांना दोष देत नाही. पण मी फोटो मोठा करून पाहिला आणि भिंग, बॅटरी घेऊन तसाच खाली पळालो.

बुरशीला हरितद्रव्य नसतं, म्हणजे ती बाद. शेवाळ असतं तर हाताला बुळबुळीत तरी लागलं असतं किंवा तंतू तरी दिसले असते. इथे नीट आकाराच्या फिती होत्या, नखापेक्षा अरुंद, टोकाशी दोन फाटे फुटलेल्या, खालून केसांसारख्या मूलाभांनी, म्हणजे मुळांचं काम करणाऱ्या धाग्यांनी, भिंतीला चिकटलेल्या. बॅटरीचा झोत तिरका टाकला आणि फितींना सोनेरी-हिरवी झाक आली. ही झाक म्हणजे सायथोडियमची ओळख. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात रस्त्याकडेच्या सावलीतल्या दरडींवर मी ते पाहिलं होतं. ते काजव्यासारखं स्वतः उजळत नाही. वरच्या पातळ पेशी भिंगासारख्या वागतात, आत हवेच्या मोठ्या पोकळ्या असतात, आणि अंधाऱ्या कोपऱ्यात पोचलेला जेमतेम प्रकाश त्यातून चमकून परत येतो.

सायथोडियम ही लिव्हरवर्ट गटातली वनस्पती. मराठीत यकृतका. नववीच्या पुस्तकात ब्रायोफायटा विभागात मॉसच्या शेजारी मर्केंशिया आणि रिक्सिया ही नावं येतात, ‘वनस्पतिसृष्टीचे उभयचर’ एवढं एका मार्काचं उत्तर आपण पाठ करतो आणि पुढे सरकतो. हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. पहिली प्रतिक्रिया तिसऱ्या मजल्यावरून आली: ‘म्हणजे लिव्हरला चांगलं का? काढा कसा करायचा?’

करायचा नाही. नावात यकृत आलं त्याची गोष्ट अशी. मध्ययुगीन युरोपात समजूत होती की निसर्गाने प्रत्येक वनस्पतीवर तिच्या उपयोगाची खूण करून ठेवली आहे. या फितींचा खंडित, पसरट आकार यकृतासारखा दिसतो, तेव्हा ती यकृताचं औषध. ‘वर्ट’ म्हणजे जुन्या इंग्रजीत वनस्पती. नाव चिकटलं ते राहिलं. आपण हसायचं कारण नाही, कारण ‘अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून मेंदूला चांगला’ हा फॉरवर्ड त्याच ग्रुपवर वर्षातून दोनदा येतो आणि लिव्हर डिटॉक्सची पाकिटं त्याच भोळेपणावर खपतात.

बरं, ही काही दुर्मीळ मंडळी नाहीत. 2016 मध्ये जगातल्या यकृतका आणि त्यांच्यासारख्याच हॉर्नवर्ट यांची एकत्र यादी प्रसिद्ध झाली. तिच्यात 7,486 जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक यकृतका. पुस्तकातल्या चित्रामुळे यकृतका म्हणजे सपाट फीत असं डोक्यात बसतं. प्रत्यक्षात बहुसंख्य जातींना बारीक पानांच्या रांगा असतात आणि त्या मॉससारख्या दिसतात. विषुववृत्ताजवळच्या ओल्या डोंगरांत झाडांच्या साली आणि जिवंत पानांचे पृष्ठभागसुद्धा त्यांनी भरून जातात. अंटार्क्टिकातही त्या आहेत. रिक्सियाच्या काही जाती वाळवंटात गुंडाळी होऊन पडून राहतात आणि पाऊस पडला की उलगडतात. दुसरी एक जात मासे पाळणाऱ्यांच्या काचपेटीत तरंगते. युरोपात एक जात जमिनीखाली राहते, तिला हरितद्रव्यच नाही, झाडांच्या मुळांशी जोडलेल्या बुरशीला लुबाडून ती जगते. समुद्र तेवढा त्यांना जमलेला नाही.

आता माझ्या लाडक्या विषयाकडे येतो. इथे जरा रेंगाळणार आहे.

मर्केंशिया मी ठाण्यात कधी पाहिलेली नाही. ती भेटली मुन्नारजवळ एका ओढ्याकाठी. तिच्या फितीवर दोन-चार मिलिमीटर रुंदीचे, झालरीच्या काठाचे पेले असतात आणि पेल्यात हिरव्या चकत्या, जवळपास अर्ध्या मिलिमीटरच्या. या चकत्यांना जेमा म्हणतात. बी नाही, बीजाणूही नाही, आईच्याच शरीराची हुबेहूब प्रत. पेल्यात आहेत तोवर त्या उगवत नाहीत, कारण आईच्या शरीरातली संप्रेरकं त्यांना दाबून ठेवतात. बाहेर कसं पडायचं? पाय नाहीत, पंख नाहीत, वाऱ्याने उडावं इतक्या त्या हलक्याही नाहीत.

पावसाचा टपोरा थेंब चार मिलिमीटरचा असतो आणि खाली येताना त्याचा वेग सेकंदाला नऊ मीटरच्या आसपास असतो. म्हणजे ताशी तीस किलोमीटर, संध्याकाळी घोडबंदर रोडवर कुणाला मिळत नाही एवढा. पेला आणि थेंब जवळपास एका मापाचे. थेंब पेल्यात आदळतो, तळाला जाऊन पसरतो, पसरायला जागा नाही म्हणून तिरक्या भिंतींवरून वर चढतो आणि काठावरून तुषार होऊन फेकला जातो. त्या तुषारांवर बसून चकत्या जातात, अगदी मीटरभर लांबसुद्धा. वनस्पतिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड ब्रोडी यांनी 1951 मध्ये अशा पेल्यांवर सविस्तर लिहिलं. हीच युक्ती घरट्याच्या आकाराच्या बुरशीनेही स्वतंत्रपणे साधली आहे. उसळी पावसाची, झाडाने फक्त भांडं नेमक्या आकाराचं घडवलेलं.

खरी गंमत चकती जमिनीवर पडल्यावर. नाणं उडवलं की छापा पडेल की काटा, सांगता येत नाही. चकतीचंही तसंच. पण मोठ्या फितीच्या वरच्या बाजूला हवेचे कप्पे लागतात आणि खालच्या बाजूला मूलाभ. उलटी पडली तर मेली का? नाही. चकतीच्या दोन्ही बाजू पडताना सारख्याच असतात. जी वर येते, जिला उजेड मिळतो, ती वरची ठरते. मूलाभ दोन्ही बाजूंनी फुटू शकतात, पण फुटतात खालूनच. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मिर्बेल यांनी हे 1835 च्या सुमारास ताडलं होतं. थोड्या दिवसांत हा निर्णय पक्का होतो. त्यानंतर मुद्दाम उलटं केलं तरी बाजू बदलत नाहीत, रोपटं स्वतःच वळून सरळ होऊ पाहतं. ना मेंदू, ना मज्जातंतू. चकतीच्या काठावर समोरासमोर दोन खाचा, तिथल्या वाढत्या पेशी आणि उजेडाची जाण, एवढ्या सामानावर हे चालतं.

इतकं साधं शरीर, म्हणून यकृतका ही उत्क्रांतीच्या शिडीची पहिली पायरी, असं बरीच वर्षं शिकवलं गेलं. त्याला आधार होता. मॉस आणि हॉर्नवर्ट यांच्या बीजाणू धरणाऱ्या बोंडांवर पर्णरंध्रं, म्हणजे हवेची ये-जा होणारी उघडझाप करणारी बारीक छिद्रं, सापडतात, यकृतकांत कुठल्याच अवस्थेत नाहीत. मर्केंशियाच्या पाठीवर छिद्रं आहेत, पण ती पिंपाच्या आकाराची, पर्णरंध्रांच्या रक्षक पेशींसारखी उघडझाप न करणारी. मग ज्यांच्याकडे रंध्रं नाहीत ते आधीचे, असा हिशोब.

लाहोरला वनस्पतिशास्त्र शिकवणारे शिवराम कश्यप यांना हा हिशोब पटत नव्हता. हिमालय पायी हिंडून त्यांनी पश्चिम हिमालय आणि पंजाबातल्या यकृतकांवर दोन भागांत ग्रंथ लिहिला, 1929 आणि 1932 मध्ये. त्यांचं म्हणणं होतं की रिक्सियासारख्या साध्या जाती गुंतागुंतीच्या पूर्वजांपासून, एकेक गोष्ट टाकत टाकत, झाल्या असाव्यात. जनुकांची तुलना शक्य झाल्यावर वंशवृक्षात रिक्सिया खरोखरच मुळाशी न सापडता शेंड्याकडच्या फांदीवर सापडली. यकृतकांच्या तीन वर्गांतला हॅप्लोमिट्रियमचा छोटा वर्ग सर्वात आधी वेगळा झालेला, मग मर्केंशियाचा आणि पानवाल्यांचा, आणि रिक्सिया मर्केंशियाच्या वर्गात आत खोल. हे वाक्य अवघड गेलं असेल तर एवढंच धरा: साधेपणा इथे कमावलेला आहे.

पर्णरंध्रांचंही तेच. आता मॉस आणि यकृतका सख्खी भावंडं मानली जातात. मग त्यांच्या समाईक पूर्वजाला रंध्रं होती आणि यकृतकांनी ती सोडून दिली, हेच जास्त संभवतं. 2023 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की इतर वनस्पतींत पर्णरंध्रं घडवणाऱ्या जनुकाचा भाऊबंद मर्केंशियात शिल्लक आहे, पण तो बोंडाचा देठ घडवायच्या कामाला लागलेला आहे. दुकान बंद झालं, गडी दुसरीकडे रुजू झाला.

एवढं सगळं मी मीटिंगमध्ये सांगितलं नाही. काकांना इतकंच म्हटलं की पायऱ्यांवरचं घासा, तिथे लोक घसरतात. पंपरूममागचं राहू द्या, पाऊस संपला की ते आपलं आपण जाईल. काका म्हणाले, ‘लेखी देता?’ मी दिलं.

नोव्हेंबरात भिंत करडी, कोरडी ठणठणीत. काकांनी फोटो टाकला, ‘शेवाळ आपोआप गेलं’, खाली अकरा अंगठे. मी काही बोललो नाही. यंदा जूनमध्ये, पाऊस सुरू होऊन आठवडा झाला तेव्हा रात्री बॅटरी घेऊन मागे गेलो. विटांच्या सांध्यात मोहरीएवढे हिरवे ठिपके होते. झोत तिरका केला, तर त्यातले दोन चमकले.