छापलेली स्पाइन आणि सुटलेली स्पाइन

माझं धनुष्य ४० पाउंडांचं, म्हणजे ओढायला तितका जोर लागणारं. शाफ्टवर, म्हणजे बाणाच्या काडीवर, ५०० छापलेलं. क्लबातल्या एकाचे बाणही ५००चेच आणि ते त्याच्या धनुष्यातून सरळ जात. मग माझे सहाच्या सहा डावीकडे का? मी आधी बोटांना दोष दिला, मग नेमाला, मग वाऱ्याला. दोष होता शब्दाचा. ‘स्पाइन’, म्हणजे बाणाचा कडकपणा, हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो आणि दुकानात त्यातली एकच विकत मिळते.

पहिली छापलेली. कार्बनचा शाफ्ट एकमेकांपासून २८ इंचांवरच्या दोन टेकूंवर आडवा ठेवायचा, मधोमध ८८० ग्रॅमचं वजन टांगायचं आणि किती झुकला ते इंचाच्या हजाराव्या भागात मोजायचं. अर्धा इंच झुकला तर ५००. म्हणजे आकडा जितका मोठा, तितका बाण नरम. लाकडी काडीचा हिशोब मात्र उलटा. तिथे टेकूंमधलं अंतर २६ इंच, वजन २ पाउंड, आणि २६ला त्या झुकण्याने भागायचं. ०.५२ इंच झुकली तर ५० पाउंडांची काडी. इथे आकडा मोठा म्हणजे बाण कडक. कार्बनची ५०० लाकडाच्या मापात साधारण ६३ पाउंडांवर जाते. कार्बनवरून लाकडाकडे वळणारे बरेचजण पहिला डझन इथेच चुकीचा घेतात.

या मोजमापात धनुष्य कुठेच नाही. दोरी नाही, टोक नाही, तुमचा हातही नाही. बाण नुसता आडवा पडलाय.

दुसरी स्पाइन बाण सुटताना जन्माला येते. दोरी मागून जोरात ढकलते, पुढचं जड टोक जागचं हलायला नाखूष असतं, आणि मधली काडी या दोघांच्या कचाट्यात सापडून वाकते. त्यात दोरी बोटांवरून निसटताना थोडी आडवी सरकते, ते वाकणं आणखी वाढवतं. खांद्यावरची कावड उभं असताना एक दिसते आणि माणूस चालायला लागला की वेगळीच लचकते, तसंच हे. पारंपरिक धनुष्यात तर बाण दोरीच्या सरळ रेषेत बसलेलाच नसतो. तो धनुष्याच्या मुठीच्या बगलेला टेकलेला असतो, म्हणजे नेम लक्ष्यावर असला तरी काडी जराशी बाहेर बघत असते. बाण लागतो मात्र लक्ष्यावरच. या कोड्याला एडवर्ड रेंडटॉर्फ यांनी १९१३मध्ये ‘आर्चर्स पॅराडॉक्स’ असं नाव दिलं. १९३०च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन यांनी वेगवान कॅमेऱ्याने बाण सुटताना टिपला, तेव्हा उलगडा झाला: बाण मुठीला वळसा घालून जातो. आधी एका बाजूला वाकतो, मग दुसऱ्या, आणि मासा शेपूट मारतो तसा हलत हलत शांत होतो. हा वळसा नेमका बसला तर बाण धनुष्याशी जुळला.

म्हणून छापील आकडा तोच राहून सुटतानाची स्पाइन बदलू शकते. लांब बाण नरम वागतो. टेकूंवरच्या हिशोबात वाकणं लांबीच्या घनाने बदलतं, म्हणजे ३० इंचांवरून २८वर आलात की ते जवळजवळ एक पंचमांशाने घटतं. टोक जड केलं की बाण नरम, हलकं केलं की कडक. धनुष्याचे ४० पाउंड हे २८ इंच ओढल्यावरचे असतात. तुम्ही २६वर थांबत असाल तर हातात ३५-३६च येतात आणि तोच बाण कडक ठरतो. मुठीची बगल जाड असेल, तर मोठा वळसा घ्यायला नरम बाण लागतो. जुन्या घडणीच्या लॉन्गबोला, म्हणजे साध्या लांब धनुष्याला, म्हणूनच त्याच पाउंडांच्या रिकर्व्हपेक्षा नरम बाण चालतो; रिकर्व्ह म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य, आणि त्याच्या मुठीत बाणासाठी खोलगट खिडकी कोरलेली असते. कमी ताणली जाणारी आधुनिक दोरी लावलीत तर धनुष्य जास्त जोराने ढकलतं, बाण पुन्हा नरम. कंपाउंडवाल्यांना, म्हणजे चाकांचं धनुष्य वापरणाऱ्यांना, यातलं बरंचसं छळत नाही, कारण त्यांचा बाण जवळजवळ मधोमध बसतो आणि दोरी बोटांनी नव्हे, रिलीजने, म्हणजे हातातल्या खटक्याने सुटते. त्यांचा स्पाइन निवडायचा तक्ता आपल्या धनुष्याला लावू नये.

माझी चूक आता दिसेल. ओढ २७ इंचांची, आणि मी पहिल्याच दिवशी दुकानात उभ्या उभ्या सगळे बाण २८ इंचांवर कापून घेतले, वर १०० ग्रेनची, म्हणजे साडेसहा ग्रॅमची टोकं. आधीच कडक शाफ्ट मी स्वतः आणखी कडक करून घेतला.

सुटतानाची स्पाइन मोजायचं यंत्र म्हणजे बिनपिसांचा बाण. दहा-पंधरा मीटरवरून पिसांचे तीन बाण आणि बिनपिसांचे एक-दोन मारायचे. आधी वर-खाली बघा, कारण ती भानगड स्पाइनची नसून दोरीवर नॉक, म्हणजे बाणाच्या शेपटाची खाच, कुठे बसतो त्याची असते. ती मिटली की डावं-उजवं. उजव्या हाताच्या धनुर्धराचा बिनपिसांचा बाण पिसांच्या बाणांच्या डावीकडे लागला तर कडक, उजवीकडे लागला तर नरम. डावऱ्यांनी उलट वाचायचं. बाण मातीत किंवा फोममध्ये कसा तिरका रुतला यावर मी फारसा भरवसा ठेवत नाही. कुठे लागला तेच बघतो.

आणि इथेच फसगत आहे. बाण फारच नरम असेल तर तो मुठीला वळसा घालता घालता तिच्यावर आपटतो आणि डावीकडे फेकला जातो. म्हणजे नरम बाण कडक असल्याचं सोंग आणतो. ओळखायचं कसं? टोक २५-५० ग्रेननी जड करून बघा. खरोखर कडक असेल तर बाण उजवीकडे, पिसांच्या बाणांच्या गटाजवळ सरकतो. सोंग असेल तर आणखी बिघडतो. मुठीच्या बगलेवर घासल्याच्या खुणाही चुगली करतात.

लाकडात आणखी एक गोष्ट. काडी सगळ्या बाजूंनी सारखी कडक नसते. वर्षवलयांच्या कडा धनुष्याच्या बाजूला येतील असा नॉक बसवतात. आपल्याकडे इंडियन राउंडला, म्हणजे देशी धनुष्यांच्या स्पर्धाप्रकारात, बांबूचं धनुष्य आणि बांबूचे बाण असतात. त्या काडीवर आकडा छापलेलाच नसतो, ती हाताने वाकवून, कडक बाजू शोधून खूण करावी लागते. एका अर्थी बरंच आहे, छापलेलं वाचून फसायची सोयच नाही.

नवीन बाण घेणाऱ्याने शाफ्ट पूर्ण लांबीचा ठेवावा, दोन-तीन वजनांची टोकं उसनी आणावीत, आणि मग पाव-पाव इंच कापत जावं. कार्बन कापताना तोंडाला मास्क हवाच.

माझे सहा बाण काही परत लांब होणार नव्हते. त्यांना १७५ ग्रेनची टोकं लावली. ३० मीटरला पूर्वीपेक्षा खाली पडतात, पण मधोमध पडतात.